परभाषेतील माहिती मराठीतून : संकेतपृष्ठांचा यंत्रानुवाद आणि त्याची पडताळणी

माहिती हे विकासाचे साधन आहे, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे. परंतु माहिती उपलब्ध असणे आणि ती समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांच्या घरात होती. तरीही शेती, आरोग्य, कायदा आणि विज्ञान या विषयांवरील जगातील बहुतांश ताजी माहिती इंग्रजीत अथवा अन्य परभाषांत प्रसिद्ध होते. ही माहिती वाचणाऱ्याच्या भाषेत, वाचतानाच रूपांतरित करण्याची सोय आता संगणकावर व भ्रमणध्वनीवर संकेतस्थळे पाहण्याच्या साधनात, म्हणजे ब्राउझरमध्येच, उपलब्ध आहे. रशियापासून ब्राझीलपर्यंत कोट्यवधी लोक तिचा उपयोग करतात. ही सोय कशी चालते, धाराशिव जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागात तिचा उपयोग कोणता आणि तिच्यावर किती विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परक्या भाषेतील कागदाचा अनुभव

धाराशिव जिल्ह्याला भाषेच्या अडसराचा अनुभव नवा नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाच्या राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. ज्या शेतकऱ्याच्या जमिनीची नोंद दप्तरात होई, त्यालाच ती वाचता येत नसे. कागदात काय लिहिले आहे हे जाणणाऱ्याच्या शब्दावर त्याला भिस्त ठेवावी लागे. सांगणारा प्रामाणिक असला तर ठीक. नसला तर नुकसान शेतकऱ्याचे. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्याची राजभाषा झाली. आपल्या गावचा कागद आपल्या भाषेत वाचण्याचा हक्क अशा रीतीने सामान्य माणसाच्या पदरात पडला.

या इतिहासातून एक बोध घेण्यासारखा आहे. भाषांतर करून सांगणारा जो कोणी असेल, मग तो माणूस असो वा यंत्र, त्याचे सांगणे पडताळून पाहण्याचे साधन ऐकणाऱ्याच्या हाती असले पाहिजे. यंत्रानुवादाच्या बाबतीतही हेच सूत्र लागू पडते.

यंत्रानुवादाची वाटचाल

यंत्राकडून भाषांतर करवून घेण्याची कल्पना सत्तर वर्षांहून अधिक जुनी आहे. जानेवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्क येथे एका जाहीर प्रयोगात रशियन भाषेतील साठांहून अधिक वाक्ये संगणकाने इंग्रजीत रूपांतरित करून दाखविली. त्या संगणकाजवळ केवळ २५० शब्द आणि व्याकरणाचे सहा नियम होते. प्रयोगामुळे मोठ्या आशा पल्लवित झाल्या. परंतु १९६६ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने यंत्राचे भाषांतर माणसाच्या भाषांतरापेक्षा संथ, कमी अचूक आणि महाग असल्याचा निष्कर्ष काढला व तेथील कामाला ओहोटी लागली.

भारतातही या क्षेत्रात प्रयत्न झाले. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत 'अनुसारक' या प्रणालीचे काम सुरू झाले, तर पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने म्हणजे सी-डॅकने शासकीय कागदपत्रांच्या इंग्रजी-हिंदी भाषांतरासाठी 'मंत्र' ही प्रणाली सिद्ध केली. गूगलच्या भाषांतर सेवेत मराठीचा समावेश २०१३ मध्ये झाला. २०१७ मध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी नवी पद्धत आली आणि भाषांतराच्या दर्जात लक्षणीय सुधारणा झाली. केंद्र शासनाने जुलै २०२२ मध्ये भारतीय भाषांसाठी 'भाषिणी' हा उपक्रम सुरू केला. ग्रामपंचायतींच्या नित्य वापरातील 'ई-ग्रामस्वराज' हे संकेतस्थळ २०२४ मध्ये या उपक्रमाशी जोडण्यात आले.

ब्राउझर नेमके काय करतो?

एखादे संकेतपृष्ठ उघडल्यावर ब्राउझर प्रथम त्याची भाषा ओळखतो. ती वाचकाच्या पसंतीच्या भाषेहून निराळी असल्यास भाषांतर हवे का, असे विचारतो. होकार मिळताच पृष्ठावरील मजकूर बहुतेक ब्राउझरांत संबंधित कंपनीच्या दूरस्थ संगणकाकडे पाठविला जातो, तेथे त्याचे भाषांतर होते आणि मूळ वाक्यांच्या जागी मराठी वाक्ये बसविली जातात. पृष्ठाची मांडणी, चित्रे व तक्ते जागच्या जागी राहतात. या सर्व गोष्टींना काही क्षण पुरतात.

ही सूचना आपोआप न दिसल्यास ब्राउझरच्या कोपऱ्यातील तीन टिंबांवर बोट ठेवून भाषांतराचा पर्याय निवडावा आणि भाषांच्या यादीतून मराठी घ्यावी. त्याच ठिकाणी मूळ पृष्ठ पुन्हा दाखविण्याचाही पर्याय असतो. पडताळणीच्या दृष्टीने तो भाषांतराच्या पर्यायाइतकाच महत्त्वाचा आहे.

भाषांतर करणारे यंत्र शब्दकोश उघडून शब्दास शब्द लावीत नाही. माणसांनी केलेल्या लक्षावधी भाषांतरित वाक्यांच्या जोड्यांवरून कोणत्या वाक्याला कोणते वाक्य साजेल, याचा अंदाज बांधण्यास ते शिकलेले असते. म्हणूनच त्याचे वाक्य बहुधा ओघवते असते. परंतु ओघवते वाक्य बरोबरच असेल असे नाही. जुन्या यंत्राची चूक वाक्याच्या ओबडधोबडपणावरून लगेच लक्षात येई. नव्या यंत्राची चूक शुद्ध मराठीत येते. शिवाय पोर्तुगीज, इटालियन अशा भाषांतून मराठीत येताना मजकूर पुष्कळदा इंग्रजीच्या मार्गाने येतो. दोन टप्प्यांत दोनदा अर्थ निसटण्याची शक्यता असते.

सोयाबीनचे उदाहरण

सोयाबीन हे धाराशिव जिल्ह्याचे खरिपातील प्रमुख पीक होय. अलीकडच्या वर्षांत जगात सर्वाधिक सोयाबीन पिकविणारा देश ब्राझील आहे. १९७३ मध्ये स्थापन झालेली 'एम्ब्रापा' ही तेथील राष्ट्रीय कृषी संशोधन संस्था असून तिचे सोयाबीन केंद्र लोंद्रिना येथे आहे. तिची बरीचशी माहिती पोर्तुगीज भाषेत असते. जिल्ह्यातील एखाद्या जिज्ञासू शेतकऱ्याने अथवा कृषी सहायकाने ती मराठीत वाचावयाची ठरविल्यास पुढील अडचणी संभवतात.

पहिली अडचण पारिभाषिक शब्दांची. सोयाबीनवरील ज्या रोगाला मराठीत तांबेरा म्हणतात, त्याला पोर्तुगीजमध्ये व इंग्रजीत लोखंडावर चढणाऱ्या गंजाचाच शब्द वापरतात. यंत्राने 'सोयाबीनचा गंज' असे लिहिले तर वाचणारा बुचकळ्यात पडेल. हा रोग २००१ मध्ये ब्राझीलमध्ये आढळला आणि त्याच्या प्रतिबंधासाठी तेथे वर्षातून किमान ९० दिवस शेतात सोयाबीनचे एकही जिवंत झाड राहू न देण्याचा नियम करण्यात आला. त्या कालावधीला जे पोर्तुगीज नाव आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'आरोग्यविषयक पोकळी' असा होतो. या शब्दांवरून मूळ उपायाचा बोध होणार नाही.

दुसरी अडचण आकड्यांची असून ती अधिक गंभीर आहे. पोर्तुगीज लिखाणात दशांश दाखविण्यासाठी स्वल्पविराम आणि हजार वेगळे करण्यासाठी टिंब वापरतात. भारतातील पद्धत याच्या नेमकी उलट आहे. दीड लिटर औषध तेथे '१,५' असे लिहिले जाते. ते घाईत १५ असे वाचले गेले तर औषधाची मात्रा दहापट होईल. त्याचप्रमाणे तेथील '३.६०० किलो' म्हणजे तीन हजार सहाशे किलो होत, साडेतीन किलोच्या आसपासचे वजन नव्हे.

तिसरी अडचण मापांची. ब्राझीलमध्ये सोयाबीनचे उत्पादन हेक्टरी पोत्यांत सांगतात आणि तेथील पोते ६० किलोचे धरतात. हेक्टरी ६० पोती म्हणजे ३,६०० किलो, अर्थात हेक्टरी ३६ क्विंटल किंवा एकरी सुमारे साडेचौदा क्विंटल. वाचणाऱ्याने पोते म्हणजे क्विंटल असे गृहीत धरल्यास तोच आकडा एकरी चोवीस क्विंटलांवर जातो आणि पुढचे सारे हिशेब चुकतात.

चौथी गोष्ट कोणत्याही यंत्राच्या आवाक्याबाहेरची आहे. ब्राझीलचा मोठा भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्याने तेथील ऋतू उलटे असतात. तेथे सोयाबीनची पेरणी साधारणतः सप्टेंबर ते डिसेंबर या काळात होते. धाराशिवमध्ये त्या सुमारास काढणी उरकून रब्बीची लगबग असते. यंत्र महिन्याचे नाव बिनचूक भाषांतरित करील, पण हंगामाचे भाषांतर करणार नाही. जमीन, पाऊस आणि वाण यांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. म्हणून बाहेरच्या माहितीने विचाराला चालना घ्यावी. परंतु शेतात काय करावे याचा निर्णय परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शिफारशी आणि तुळजापूर येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला पाहूनच घ्यावा.

तेरचा विद्यार्थी आणि नेपल्सचे संग्रहालय

शिक्षकांच्या दृष्टीने या साधनाचे मोल वेगळे आहे. धाराशिव तालुक्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर नगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथात तगरचा उल्लेख असून, तेथून तलम व जाडेभरडे कापड गाड्यांमधून भडोच बंदराकडे जात असल्याचे त्यात नमूद आहे. तेर येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी साम्य असलेली एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथील उत्खननात मिळाली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या नगरातील ही मूर्ती आता नेपल्स येथील पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

तेरच्या शाळेतील विद्यार्थ्याला गावातील संग्रहालय पाहता येते, पण नेपल्सच्या संग्रहालयाची इटालियन माहिती वाचता येत नव्हती. ब्राउझरच्या भाषांतरामुळे ती वाट खुली झाली आहे. शिक्षकाने या संधीचा उपयोग केवळ माहिती मिळविण्यापुरता न करता पडताळणीच्या पाठासाठीही करावा. एकच परिच्छेद थेट मराठीत आणि दुसऱ्यांदा इंग्रजीत भाषांतरित करून दोन्हींतील सने, नावे आणि वस्तूंची वर्णने विद्यार्थ्यांकडून जुळवून घ्यावीत. जेथे फरक पडेल तेथे मूळ पृष्ठ उघडावे. सने व विशेषनामे परक्या भाषेतही ओळखता येतात, हे मुलांच्या लवकरच ध्यानात येते.

विशेषनामांच्या बाबतीत यंत्र हमखास गोंधळते. रोमन लिपीत 'तेर' ज्या तीन अक्षरांनी लिहितात, त्याच अक्षरांचा पोर्तुगीजमध्ये 'जवळ असणे' असा अर्थ होतो. एखाद्या पोर्तुगीज पृष्ठावरील तेरचे नाव त्यामुळे भाषांतरात पार नाहीसे होऊ शकते. जिल्ह्यातील वाशी तालुका आणि नवी मुंबईतील वाशी यांतील भेदही यंत्राला संदर्भाशिवाय कळत नाही.

ग्रामपंचायतीचे कामकाज

पंचायत सदस्य आणि ग्रामसेवक यांचा संबंध बहुधा इंग्रजी व हिंदी पृष्ठांशी येतो. येथे धोका परकेपणाचा नसून ओळखीच्या शब्दांचा आहे. इंग्रजीत 'सर्कल' या शब्दाचा अर्थ वर्तुळ; परंतु पीक विम्याच्या कागदात त्याचा अर्थ महसूल मंडळ असा असतो आणि नुकसानीचा हिशेब त्यावरच ठरतो. 'ब्लॉक' म्हणजे ठोकळा नव्हे, तर विकास गट. 'इंटरेस्ट' म्हणजे कोठे व्याज, कोठे रस, तर कोठे हितसंबंध.

हिंदीची लिपी मराठीचीच असल्याने वाचकाला ती सोपी वाटते आणि तेथेच फसगत होते. हिंदीतील 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मराठीत ती दंड ठरते. हिंदीत 'राजीनामा' हा शब्द तडजोडनाम्यासाठी वापरतात. मराठीत त्याचा अर्थ पद सोडणे असा होतो. तडजोडीच्या कागदावरून एखाद्या सदस्याने पदत्याग केल्याचा समज झाला, तर गावात किती गोंधळ माजेल याची कल्पना करता येईल.

नियमांच्या भाषेत लहान शब्दांवर मोठे परिणाम अवलंबून असतात. 'करील' आणि 'करू शकेल' यांत बंधन व मुभा एवढे अंतर आहे. 'पर्यंत', 'नंतर', 'वगळून', 'खेरीज' हे शब्द आणि नकार या ठिकाणी यंत्राचे वाक्य विशेष बारकाईने तपासावे. तारखांचेही तसेच. अमेरिकी पद्धतीत महिना आधी लिहितात; त्यामुळे ७/८ ही तारीख तेथे ८ जुलै असते, ७ ऑगस्ट नव्हे. मुदत चुकली तर पात्र लाभार्थीही लाभास मुकतो आणि त्याचा दोष यंत्रावर टाकून त्याचे नुकसान भरून निघत नाही.

येथे कायद्याची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. ब्राउझरने केलेल्या भाषांतराला कोणतीही अधिकृतता नाही. न्यायनिर्णयांच्या भाषांतरासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये 'सुवास' ही प्रणाली स्वीकारली. परंतु असे भाषांतर पक्षकाराला समजण्यापुरते असून इंग्रजी निर्णयच प्रमाण मानावा, असे त्यासोबत स्पष्ट केले जाते. म्हणून ठराव, नोटीस किंवा आदेश यांत यंत्रानुवाद जसाच्या तसा उतरवू नये. शासन व्यवहारातील पर्यायी शब्दांसाठी १९६० पासून कार्यरत असलेल्या भाषा संचालनालयाचे कोश उपलब्ध आहेत. त्यांचा आधार घ्यावा.

यंत्राला न दिसणारा मजकूर

ब्राउझर केवळ अक्षररूपात असलेला मजकूर भाषांतरित करतो. कागदाचे छायाचित्र त्याच्या लेखी निव्वळ चित्र असते. जुने उर्दू दप्तर किंवा मोडीतील कागद संकेतस्थळावर ठेवलेले असले, तरी ब्राउझरच्या या सोयीने ते वाचता येत नाहीत. मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती (निवृत्त) संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, तेव्हा मोडी व उर्दू जाणणाऱ्या माणसांचीच आवश्यकता भासली, हे सर्वांच्या स्मरणात असेल.

जुन्या खाजगी टंकांत लिहिलेल्या मराठी मजकुराची गतही अशीच होते. डोळ्यांना तो मराठी दिसतो, परंतु संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरे असतात. युनिकोड या सर्वमान्य संकेतप्रणालीतील मजकूर मात्र कोणत्याही यंत्राला वाचता येतो. यातून ग्रामपंचायती व स्थानिक संस्थांचे एक कर्तव्य निष्पन्न होते. तुळजाभवानीच्या दर्शनासाठी कर्नाटक व तेलंगणातून असंख्य भाविक येतात. नळदुर्गचा किल्ला पाहण्यास परप्रांतीय पर्यटक येतात. त्यांच्यासाठीची माहिती सूचनाफलकाच्या छायाचित्राच्या रूपाने न देता युनिकोड मराठीत लिहून संकेतस्थळावर दिली, तर कन्नड वा तेलुगू वाचक ती आपल्या भाषेत वाचू शकेल. वाक्ये लहान व सरळ ठेवल्यास भाषांतरातील चुकाही कमी होतात.

आणखी एक दक्षता आवश्यक आहे. भाषांतरासाठी पृष्ठावरील मजकूर बाहेरच्या संगणकाकडे जात असल्याने आधार क्रमांक, बँक खाते, लाभार्थ्यांच्या याद्या किंवा रुग्णांची माहिती असलेली पृष्ठे भाषांतरित करू नयेत. अर्जाचा नमुना समजून घेण्यापुरते भाषांतर पाहावे आणि अर्ज भरताना मूळ पृष्ठ पुन्हा उघडावे.

पडताळणीची पंचसूत्री

वरील विवेचनाचे सार पाच नियमांत सांगता येईल. पृष्ठ कोणत्या संस्थेचे, कोणत्या देशाचे आणि कोणत्या तारखेचे आहे, हे प्रथम पाहावे. आकडे, मापे आणि तारखा मूळ पृष्ठाशी ताडून घ्याव्यात. नावे व पारिभाषिक शब्द संशयास्पद वाटल्यास कोशात शोधावेत. नकार, अट आणि मुदत सांगणारे वाक्य दुसऱ्या भाषेतही भाषांतरित करून अर्थ जुळतो की नाही हे पाहावे. आणि ज्या माहितीवरून पैसा, पीक, प्रकृती अथवा हक्क यांविषयी निर्णय घ्यावयाचा असेल, ती माहिती जाणकार व्यक्तीला दाखविल्याशिवाय अमलात आणू नये.

एके काळी या जिल्ह्यातील शेतकरी आपल्याच जमिनीचा कागद हाती धरून वाचणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत उभा राहत असे. आज जगाच्या दुसऱ्या टोकाचे पृष्ठ त्याच्या हातातील यंत्रावर त्याच्या भाषेत उमटते आणि मूळ पृष्ठही एका बोटाच्या अंतरावर असते. पूर्वी त्याला जे पडताळून पाहता येत नव्हते, ते आता पाहता येते. गावातील शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांनी ही पडताळणीची सवय स्वतः लावून घेतली व इतरांना लावली, तरच या सोयीचे खरे चीज होईल.